काळी जमीन, ओल आणि मेटल डिटेक्टर : वाफशाची वाट का पाहावी

दर्यापूरकडच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात कापसाच्या वेचणीत त्याच्या आईची काळी पोत तुटली आणि तिच्यातल्या सोन्याच्या दोन वाट्या शेतात पडल्या. पडल्या त्या साधारण कोणत्या तासांमध्ये, म्हणजे कापसाच्या कोणत्या ओळींमध्ये, हे आईला आठवते. एप्रिलात त्याने भाड्याने मेटल डिटेक्टर आणून शोध घेतला, तेव्हा जमिनीच्या प्रत्येक भेगेवर यंत्र वाजत होते. पुढे वखराच्या दोन पाळ्या झाल्या. नांगरट केलेली नाही. आता मृगाचा पहिला चांगला पाऊस पडल्यावर त्याने पुन्हा यंत्र फिरवले, तर ते थांबायलाच तयार नाही आणि पडद्यावर पातळ पत्र्याचा किंवा चांदीच्या वर्खासारख्या वस्तूचा आकडा सतत दिसतो. "ओल्या जमिनीत यंत्र जास्त खोल पाहते" असे त्याला कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे का, आणि आता पेरणी तोंडावर असताना काय करावे, असा त्याचा प्रश्न आहे.

आपल्याला मिळालेला सल्ला अर्धा खरा आहे आणि नेमका आपल्या जमिनीला, आपल्या वस्तूला तो लागू पडत नाही. आज शोध थांबवावा. जमीन वाफशावर येईपर्यंत, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाऊन पेरणीजोगी ओल उरेपर्यंत, त्या पट्ट्यात पाय ठेवू नये. हे असे का, ते समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय आपले आपल्यालाच घेता येतील, म्हणून सविस्तर लिहितो.

मी गेली बावीस वर्षे अमरावती, अकोला आणि वर्धा या भागांत जमिनीखाली हरवलेल्या धातूच्या वस्तू शोधण्याचे काम करतो. बहुतेक काम नळयोजनांच्या बुजलेल्या व्हॉल्व्हचे, बोअरच्या केसिंगचे आणि मोजणीच्या वेळी पुरलेल्या लोखंडी खुणांचे असते. पण निंदण आणि वेचणीच्या हंगामात दागिन्यांसाठी येणारे फोनही कमी नसतात. व्हॉल्व्ह शोधताना ओलीचा फारसा विचार करावा लागत नाही, कारण तो मोठा असतो. सोन्याची वाटी शोधताना मात्र निम्मे काम मातीची स्थिती ओळखण्याचेच असते.

यंत्र काय करते ते आधी पाहू. दांड्याच्या टोकाच्या चकतीत तारेची गुंडाळी असते, तिला कॉइल म्हणतात. या कॉइलमधून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यामुळे तिच्याखाली बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात छोटे भोवरी प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि कॉइलमधली दुसरी गुंडाळी ते टिपते. धातूचे उत्तर मूळ क्षेत्राच्या किती मागे राहिले, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि तो पडद्यावर आकड्याने दाखवते. परंतु कॉइलखाली फक्त धातू नसतो, माती असते, आणि मातीही उत्तर देते. ती दोन प्रकारे देते. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकातले मॅग्नेटाइटसारखे चुंबकीय कण तिच्यात असतात. हे पहिले उत्तर. मातीतल्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे ती थोडी विद्युतवाहक होते आणि तिच्यातही भोवरी प्रवाह फिरतात. हे दुसरे उत्तर. ओलीचा संबंध जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या उत्तराशी आहे. चुंबकीय कण कोरडे असोत की भिजलेले, त्यांचे वागणे तेच राहते.

पाणी स्वतः दोषी नाही, हे पाहायचे असेल तर घरीच एक प्रयोग करावा. प्लॅस्टिकच्या घमेल्यात पावसाचे दहा लिटर पाणी घ्यावे आणि कॉइल पाण्यापासून दोन बोटे वर धरून हळूहळू वरखाली करावी. यंत्र गप्प राहील, कारण पावसाचे पाणी विजेचे वाहक म्हणून अगदीच दुबळे असते. आता त्याच पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवून तीच कृती करावी. पाणी समुद्राच्या पाण्याइतके खारट झालेले असेल आणि यंत्र वाजू लागेल. आपल्या शेतात आज जे घडते आहे ते याच प्रयोगाचे मोठे रूप आहे. घमेले लोखंडी नसावे, हे सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो अनुभवी मंडळींमध्येही आढळतो. ओली माती यंत्राचा सिग्नल "पिऊन टाकते" आणि म्हणून खोलवरचे दिसत नाही, असे म्हटले जाते. हिशेब करून पाहिला तर हे टिकत नाही. भिजलेल्या काळ्या मातीचा विद्युतरोध साधारण पाच ओहम-मीटर धरला आणि यंत्र १५ किलोहर्ट्झवर चालत असेल, तर त्याचे क्षेत्र मातीत शिरून मूळच्या सुमारे ३७ टक्के उरायला नऊ मीटर खोल जावे लागते. खाऱ्या, चिंब जमिनीचा रोध याच्या एक दशांश धरला तरी हे अंतर तीन मीटरच्या आसपास राहते. आपण शोधतो ते वीतभर खोलीत. तेवढ्या जाडीची माती, कितीही ओली असली तरी, सिग्नल अडवत नाही. अडचण वेगळी आहे : माती स्वतः बोलू लागते आणि तिच्या आवाजात वाटीचा आवाज ऐकू येत नाही. भरल्या बाजारात माणसाचा आवाज नाहीसा होत नाही, तो वेगळा काढता येत नाही. तसेच हे आहे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. सिग्नल अडत असता तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनक्षमता, वाढवणे हा उपाय ठरला असता. प्रत्यक्षात ती वाढवली की मातीचा आवाजही तितकाच वाढतो, आणि बहुतेक लोक हीच चूक करतात.

मातीची वाहकता सोन्याच्या तुलनेत नगण्य असते. बावीस कॅरेटचे सोने भिजलेल्या खाऱ्या मातीपेक्षा सुमारे कोटी पटीने अधिक वाहक असेल. तरीही माती वाटीवर मात करते, कारण वाटी असते एक-दीड सेंटिमीटरची आणि माती असते टोपलेभर, तीही कॉइलला अगदी लागून.

आता आपल्या प्रश्नातली खरी अवघड गोष्ट. खाऱ्या ओल्या मातीचे उत्तर यंत्राच्या दृष्टीने ज्या जागी पडते, त्याच जागी पातळ वर्ख, बारीक साखळी आणि लहानसा सोन्याचा दागिना यांचे उत्तर पडते. दोघांचेही भोवरी प्रवाह फार लवकर विरतात, म्हणून यंत्राला दोघे सारखे भासतात. आपल्याला पडद्यावर सतत दिसणारा वर्खाचा आकडा कोणत्याही वर्खाचा नाही, तो आपल्या जमिनीचा आहे. तो आकडा डिस्क्रिमिनेशनने (नको त्या धातूंचे आवाज बंद करण्याच्या सोयीने) वगळला की यंत्र शांत होईल आणि माणसाला वाटेल की प्रश्न सुटला; परंतु त्या शांततेत सोन्याच्या वाट्याही वगळल्या गेलेल्या असतील. चांदीचे जाड जोडवे किंवा तांब्याचे मोठे नाणे असते तर मी वेगळा सल्ला दिला असता, कारण त्यांचे उत्तर मातीपासून बरेच दूर पडते. लहान सोने आणि खारी ओल ही जोडी सर्वांत वाईट आहे, आणि आपल्या नशिबी नेमकी तीच आलेली आहे.

खारी ओल म्हणतो ते आपल्या भागाकडे पाहून. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथल्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे नसते आणि जमिनीत सोडियमचे क्षार असतात. उन्हाळ्यात जमीन तापते, खालची ओल केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार वरच्या थरात राहतात. काही शेतांत पांढुरकी पापुद्रीही दिसते. मृगाचा पहिला पाऊस हे साठलेले क्षार विरघळवतो, पण त्यांना खाली वाहून नेण्याइतका तो नसतो. त्यामुळे वर्षभरात यंत्रासाठी सर्वांत गोंगाटाचे दिवस माझ्या अनुभवात पहिल्या पावसानंतरचेच असतात. पुढच्या दोन-तीन चांगल्या पावसांनी क्षार थोडे खाली उतरतात आणि तीच जमीन, तितकीच ओली असूनही, जरा शांत होते. आपण यंत्र फिरवले ते नेमक्या सर्वांत वाईट दिवशी.

मग ओल्या जमिनीत यंत्र खोल पाहते हा समज आला कुठून? त्याला दोन कारणे आहेत, आणि त्यांतले एक आपल्याला उपयोगी आहे. पहिले असे सांगितले जाते की पुरलेल्या धातूचे अंश भोवतालच्या मातीत उतरतात आणि ओल आली की तो परिसरही धातूसारखा वागतो. वर्षानुवर्षे गंजलेल्या लोखंडाच्या बाबतीत यात काही तथ्य आहे. जुना खिळा जमिनीत असताना त्याच्या आकाराच्या मानाने मोठा वाजतो आणि उकरून काढल्यावर तितका वाजत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण सोने गंजत नाही. सहा महिन्यांपूर्वी पडलेल्या वाट्यांभोवती असे काहीही तयार झालेले नसते, म्हणून हे कारण आपण सोडून द्यावे.

दुसरे कारण भेगांचे आहे. काळ्या मातीतली चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा पडतात. कॉइल सपाट मातीवरून भेगेवर आली की तिच्याखालची चुंबकीय माती अचानक कमी होते आणि भेग ओलांडली की पुन्हा वाढते. ग्राउंड बॅलन्स केलेल्या, म्हणजे मातीचे उत्तर वगळायला जुळवलेल्या, यंत्रालाही हा झटका पूर्ण पचवता येत नाही आणि ते त्याला वस्तू समजते. एप्रिलात आपल्याला प्रत्येक भेगेवर मिळालेले उत्तर हे होते. पाऊस पडून भेगा मिटल्या की कॉइलखालची माती एकसारखी होते आणि यंत्र शांत व स्पष्ट बोलते. ज्यांच्या जमिनीत क्षार कमी आहेत त्यांना हा फायदा निर्भेळ मिळतो, आणि ते म्हणतात की ओलीने खोली वाढली. वाढतो तो एकसारखेपणा. इतक्या वर्षांत मला या विषयातली जी एक गोष्ट ठामपणे पटली ती हीच की ओल किती आहे याला दुय्यम महत्त्व आहे, ती कॉइलच्या पट्ट्यात सगळीकडे सारखी आहे की नाही याला पहिले.

हे मी स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत अकोट भागात एका शेतात कानातला झुबा शोधायला गेलो होतो. रात्री वळवाचा पाऊस झाला होता आणि मीही ओलीच्या फायद्याचे ऐकलेले होते, म्हणून सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवून दोन दिवस फिरलो. वर चार बोटे चिखल, त्याखाली उन्हाळ्यातली कोरडी ठणठणीत माती आणि अजून न मिटलेल्या भेगा, अशी ती जमीन होती. शेकडो खड्डे केले, हाती काही लागले नाही आणि घरच्यांची आशा मी उगीच वाढवून ठेवली याचे फार वाईट वाटले. त्याच शेतात पुढे हरभरा निघाल्यानंतर, जमीन एकसारखी सुकलेली असताना, निम्म्या सेन्सिटिव्हिटीवर पहिल्याच सकाळी झुबा सापडला. तो अंगठ्याएवढ्या खोलीवर होता. पहिल्या दोन दिवसांत त्यावरून माझी कॉइल निश्चितच गेली असणार.

विदर्भात सगळीकडे ओल सारखी वागत नाही, आणि दुसऱ्या भागातल्या माणसाचा सल्ला घेताना हे लक्षात ठेवावे. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत पाणी भरपूर असले तरी क्षार कमी असतात, म्हणून तिथले लोक ओल्या बांधीत आरामात यंत्र चालवतात. वैनगंगेच्या स्वच्छ रेतीत तर ओले-कोरडे हा भेद जवळजवळ जाणवत नाही. मुरमाड, बरड जमिनीत पाणी टिकत नाही. तिथे त्रास होतो तो तांबूस, लोहयुक्त खड्यांचा, ओलीचा नव्हे. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत मात्र एक वेगळाच प्रकार भेटतो. ठिबकच्या प्रत्येक तोटीखाली ओलीचा गोल डाग असतो, त्यात खतांचे क्षार साठलेले असतात आणि मधली जागा कोरडी असते. यंत्र ठराविक अंतरावर वाजत जाते आणि नवख्या माणसाला वाटते की खाली ओळीने काही पुरलेले आहे. सरी-वरंब्यावर पाणी दिलेल्या शेतातही असेच होते. अशा जागी एकतर पाणी देण्याच्या आधी शोधावे, नाहीतर सऱ्या वेगळ्या आणि वरंबे वेगळे, असे लांबीच्या दिशेने शोधावे, म्हणजे एका फेरीत ओल बदलत नाही.

आता आपल्या शेताकडे येऊ. पावसाने उघडीप दिल्यावर काळी जमीन वाफशावर यायला ऊन आणि वारा यांवर अवलंबून तीन ते सहा दिवस लागतात. आपल्याकडे पाणी सावकाश मुरते म्हणून जास्तीच्या बाजूने धरावे. वाफसा कसा ओळखावा हे मी शेतकऱ्याला शिकवणार नाही, पण यंत्रासाठी एक गोष्ट जास्तीची पाहावी लागते. पृष्ठभागावरची माती मुठीत दाबून तिचा गोळा करावा, कमरेइतक्या उंचीवरून सोडावा; तो न पसरता मोकळा फुटला पाहिजे. मग वीतभर खोलीची माती काढून तीच परीक्षा करावी. दोन्ही गोळे जवळपास सारखे वागले तर जमीन वरपासून खालपर्यंत सारखी ओली आहे आणि तो दिवस शोधाचा आहे. वरचा गोळा फुटतो आणि खालचा चिखलासारखा चिकटून राहतो, तर आणखी एक दिवस थांबावे. वाफशावर येईपर्यंत मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतले पाणी निघून जाते, क्षारांच्या वाटा तुटतात, वाहकता उतरते. भेगा मात्र मिटलेल्याच राहतात. दोन्ही गोष्टी अनुकूल असण्याची ही एवढीच वेळ असते. खोदणेही तेव्हाच जमते; एप्रिलात सब्बल लागते आणि आज चिखलात खुरपे वर निघत नाही.

अडचण अशी की तिफणही त्याच दिवशी काढायची असते. वाफसा हा पेरणीचाही दिवस आहे आणि खारपाणपट्ट्यात तो वाया घालवणे परवडत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून आईने दाखवलेली तासे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच तासे, एवढा पट्टा काठ्या रोवून वेगळा काढावा आणि बाकीचे शेत आधी पेरून घ्यावे. पट्ट्याच्या लांबीच्या दोन्ही टोकांना पंधरा-वीस पावले जास्त घ्यावीत, कारण वखराच्या पाशीने (लोखंडी पात्याने) वाट्या ओढल्या गेल्या असतील तर त्या वखर चालला त्या दिशेने सरकलेल्या असतील, आडव्या नाही. नांगरट केली नाही हे फार चांगले झाले. वखर वरची दोन-तीन इंच माती हलवतो, नांगर तीच वस्तू वीतभर खाली उलटी करून टाकतो आणि मग लहान कॉइलच्या आवाक्यात ती राहत नाही. या पट्ट्यात यंदा वाट्या मिळेपर्यंत नांगर घालू नये.

भेगांबद्दल एक चिंता आहे ती स्पष्ट सांगतो. डिसेंबरात वाट्या पडल्या तेव्हा भेगा नुकत्या उघडू लागल्या असतील, पण पुढे फेब्रुवारी-मार्चात त्या रुंदावल्यावर पृष्ठभागावरचे बारीक ढेकूळ जसे आत पडतात, तशा वाट्याही पडू शकतात. भेग खाली अरुंद होत जाते, म्हणून वस्तू बहुधा वरच्या भागातच अडकते, परंतु ती वखराच्या थराच्या खाली असू शकते. म्हणजे वीतभर खोलीपर्यंत नीट ऐकू येईल अशी तयारी हवी, आणि हीच खोली अशा वाटीसाठी यंत्राच्या कुवतीच्या काठावरची आहे. वाफशाचा आग्रह मी धरतो तो याचसाठी. मोठ्या वस्तूसाठी इतके काटेकोर राहिलो नसतो.

यंत्राच्या मांडणीत ग्राउंड बॅलन्सला पहिले स्थान द्यावे. पट्ट्यातच धातू नसलेली जागा शोधावी आणि कॉइल जमिनीपासून दोन बोटे ते एक फूट अशी वरखाली करत आवाज सपाट होईपर्यंत तो जुळवावा. बांधावर किंवा रस्त्यावर जुळवून शेतात येऊ नये, कारण तिथली माती आणि ओल दोन्ही वेगळी असते. सकाळी जुळवलेला बॅलन्स दुपारी पुन्हा तपासावा. जूनच्या उन्हात वरचा थर चार तासांत लक्षात येण्याइतका सुकतो. सेन्सिटिव्हिटी यंत्र अधूनमधून किंचित कुरकुरेल एवढीच ठेवावी. डिस्क्रिमिनेशन शक्यतो लोखंडापुरते ठेवावे आणि वर्खाचा आकडा वगळू नये. मिळाली तर सहा इंचांची लहान कॉइल घ्यावी. ती कमी मातीकडे पाहते, म्हणून मातीचा आवाज घटतो, आणि लहान वस्तूचे उत्तर तिच्यात तुलनेने मोठे येते. खोली थोडी कमी होते, पण गोंगाटाच्या जमिनीत हा सौदा फायद्याचा असतो.

वारंवारिता, म्हणजे कॉइलमधल्या प्रवाहाची सेकंदाची आवर्तने, निवडता येत असेल तर तिथे एक ओढाताण आहे. मातीच्या वाहकतेचे उत्तर वारंवारितेच्या प्रमाणात वाढते, म्हणून खाऱ्या जमिनीत कमी वारंवारिता शांत वाटते. लहान सोने मात्र जास्त वारंवारितेला चांगले उत्तर देते. वाफशावर मी १५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास राहतो आणि गोंगाट फार असेल तरच खाली उतरतो. एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारी यंत्रे दोन्ही उत्तरांची तुलना करून क्षारांचा बराचसा भाग वजा करू शकतात. भाड्याने तसे यंत्र मिळत असेल तर खारपाणपट्ट्यासाठी त्याचे जास्तीचे पैसे द्यावेत. पल्स इंडक्शन प्रकारच्या, म्हणजे प्रवाहाचे झटके देऊन मधल्या वेळेत ऐकणाऱ्या, यंत्राचा सल्ला कोणी देईल. ते बेसाल्टच्या चुंबकीय मातीला कमी बधते आणि क्षारांचे उत्तर विरल्यानंतर ऐकते हे खरे, पण पातळ सोन्याचे उत्तरही तितक्याच लवकर विरते, आणि शिवाय ते लोखंडाचा प्रत्येक तुकडा वाजवते. ज्या शेतात पाशींचे तुकडे, तारा आणि खिळे पडलेले आहेत तिथे मी ते नेत नाही.

ओलीचा एक परिणाम मातीत नसून कॉइलवरच घडतो. काळा चिखल कॉइलच्या तळाला आणि तिच्या प्लॅस्टिकच्या झाकणात चिकटतो. तो चुंबकीय असतो आणि कॉइलला अगदी लागून असतो, त्यामुळे केलेला ग्राउंड बॅलन्स बिघडतो. झाकण आणि कॉइल यांच्यात शिरलेला गाळ दिसत नाही, म्हणून तो जास्त घातक आहे. झाकण काढून धुवावे, फट टेपने बंद करावी आणि दर अर्ध्या तासाने तळ पुसावा. दवाने भिजलेले गवत कॉइलला घासले की काही यंत्रे खोटे वाजतात, तेव्हा बांधालगतची फेरी ऊन वर आल्यावर करावी. उन्हात तापलेली कॉइल थंड ओल्या मातीवर आणली तरी काही मिनिटे यंत्र हेलकावते. ते स्थिर होऊ द्यावे.

याहून मोठा तोटा कॉइल उंच धरल्याने होतो आणि तिकडे लक्ष कमी जाते. कॉइलच्या आकाराच्या तुलनेत वस्तू दूर असली की तिचे उत्तर अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटते. वीस सेंटिमीटरचे अंतर चोवीस झाले की उत्तर एक तृतीयांश उरते. म्हणजे पऱ्हाटीचे खुंट, ढेकळे किंवा हाताची सवय यांमुळे कॉइल चार सेंटिमीटर वर राहिली, तर ओलीने जितके नुकसान होते त्याहून अधिक आपण स्वतः करून घेतो. पट्ट्यातले खुंट उपटून, ढेकळे पायाने दाबून जमीन सपाट करून घ्यावी आणि कॉइल मातीला टेकवत, पण दाबत न जाता, सावकाश ओढावी. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे.

शोध सुरू करण्याआधी एक चाचणी करावी, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. घरात तशीच दुसरी वाटी असेल, किंवा साधारण तेवढ्याच वजनाची सोन्याची बाळी असेल, तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला लांब दोरा बांधावा आणि पट्ट्याबाहेर, त्याच ओलीच्या जागी, आधी तीन बोटे, मग चार इंच, मग वीतभर पुरून यंत्र फिरवावे. दोऱ्याचे टोक वर ठेवावे, नाहीतर एकाच्या शोधात दुसरी वस्तू जाईल. कोणत्या खोलीपर्यंत ती नक्की ऐकू येते, तिचा आवाज कसा आहे आणि आकडा कुठे पडतो, हे वहीत लिहून ठेवावे. चार इंचांवरच ती गप्प झाली तर त्या दिवशी वखराचा थर तेवढा शोधावा आणि खोलीसाठी पुढच्या वाफशाची वाट पाहावी. पोतीतले काळे मणी किंवा बारीक साखळीचा तुकडा यंत्राला दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. मणी काचेचे असतात आणि साखळीच्या कड्या एकमेकींना नीट जोडलेल्या नसल्याने यंत्र प्रत्येक कडी सुटी पाहते. शोध वाट्यांचाच आहे.

फिरताना पट्ट्याशेजारी एखादी जुनी पांढरी (जुन्या वस्तीची जागा) लागली आणि तिथे यंत्र वाजले, तर ती जागा सोडून द्यावी. राख आणि भाजलेली माती स्वतःच चुंबकीय असते, त्यामुळे तिथले बरेच आवाज धातूचे नसतातही. पण खरे कारण कायद्याचे आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची ठेव सापडली तर तिची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि संरक्षित पुरातत्त्वीय स्थळांना १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे अधिनियमाचे संरक्षण आहे. आपल्या आईच्या वाट्या हा आपला हरवलेला माल आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

वाफशावर एखादा आवाज दोन्ही दिशांनी, आणि आडवे फिरून उभे पाहिल्यावरही, त्याच जागी आला तर तो खरा मानावा. ओलीचा खोटा आवाज दिशा बदलली की सरकतो किंवा पसरतो. अशा जागी खुरप्याने टोकरू नये. फावड्याने भोवती वीतभर सोडून ढेकळासह माती उचलावी आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर ठेवावी. मग खड्ड्यावर पुन्हा कॉइल धरून आवाज कुठे गेला ते पाहावे. तो ढेकळात आला असेल, तर ढेकूळ कोरडे फोडण्याऐवजी बादलीत भिजवून बारीक चाळणीतून धुवावे, कारण चिकट काळी माती वाटीच्या पोकळीत घट्ट बसते आणि हातात आलेली वाटीसुद्धा मातीचा खडा समजून फेकली जाते. पहिली वाटी मिळालेल्या जागी काठी रोवावी आणि दुसरी आधी त्या काठीच्या दोन हातांच्या परिघात, मग वखराच्या दिशेने शोधावी.